पहिली पन्नास काडतुसं

१० जानेवारी

ऑर्विलने आज मला गॅरेजमधल्या त्याच्या टेबलाशी बसवलं. हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं, तरी खरं वाटत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्या टेबलाशी बसून तो वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरून आपली काडतुसं आपण तयार करतो, आणि इतक्या वर्षांत मला तिथे चार हात लांब उभं राहायचीही परवानगी नव्हती. एकदा मी त्या टेबलावर जंगली चेरीच्या जेलीच्या बरण्या निवायला ठेवल्या, तर तो दोन दिवस माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलत होता.

आज नाश्त्याला अंडी खाताखाता म्हणाला, "मेव्हिस, तुला काडतुसं भरायला शिकवतो."

मी विचारलं, डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुला? तर उगीचच चिडला. डॉक्टरचा इथे काय संबंध, म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला की नवराबायकोला मिळून करता येईल असा एखादा छंद असावा. हे बोलताना त्याची मान लाल झाली होती.

मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवते आहे. मागच्या बाकावर कोणी च्युइंगमचा कागद सोडला तरी मला आरशात दिसतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. तेव्हा खात्रीने लिहून ठेवते, या माणसाच्या मनात काहीतरी आहे. बहुधा प्रेम असावं.

१७ जानेवारी

पहिला धडा: केर काढणे. दुसरा धडा: डोळ्यांना जाड चष्मा. तिसरा: टेबलावर दारूचा एका वेळी एकच डबा, दुसरा कपाटात, मग जग बुडालं तरी चालेल. मी म्हटलं, मला स्वयंपाक येतो, मीठ आणि साखर वेगळी ओळखते. तो म्हणाला, स्वयंपाक चुकला तर आपण पाव खातो.

मग पुंगळ्या धुणं. नेमबाजीच्या क्लबच्या मैदानावरून वेचून आणलेल्या पितळी पुंगळ्या एका हलणाऱ्या डब्यात अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याबरोबर टाकायच्या. तो डबा तीन तास असा खडखडतो की कुत्रा पलंगाखालून बाहेर आला नाही. पण निघाल्या तेव्हा काय झळकत होत्या! आईच्या चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या दांड्या आठवल्या.

त्यानंतर टेबलाला आवळलेलं लोखंडी दाबयंत्र. पुंगळी ठेवायची, दांडा खाली ओढायचा, फुगलेली पुंगळी पुन्हा मापात येते. मी बसचा हॅंडब्रेक ओढतात तसा ओढला. पुंगळी ॲकॉर्डियनसारखी झाली. ऑर्विल ती हातात घेऊन बोटांनी चाचपत बसला. बराच वेळ चाचपत होता. मला वाटतं त्याला वाईट वाटलं.

२४ जानेवारी

आज दारू मोजायची होती. एक जुना तराजू आहे, त्याचा काटा रेषेवर येऊन स्थिर झाला की माप बरोबर. ऑर्विल माझ्या मागे स्टुलावर हाताची घडी घालून बसला आणि दर वेळी विचारू लागला, काटा कुठे आहे? मी सांगायची, रेषेवर. तो म्हणायचा, नीट बघून सांग. दहाव्या पुंगळीला मी वैतागले आणि म्हटलं, इतकं आहे तर स्वतः वाकून बघ ना.

"मी बघितलं तर तू काय शिकणार?" तो म्हणाला.

ज्या माणसाने मला नाच शिकवताना दुसऱ्याच गाण्याला हॉल सोडला होता, तो आता इतका धीराचा गुरू झाला आहे. साठीनंतर माणसं सुधारतात म्हणतात ते खरं असावं.

पन्नासही पुंगळ्या भरून झाल्या की त्या लाकडी पाटावर ओळीने उभ्या करायच्या आणि वरून दिवा धरून प्रत्येकीत डोकावायचं. तो म्हणतो, पन्नास विहिरी आहेत असं समज, सगळ्यांत पाणी एका पातळीला हवं. एखादी कोरडी नको, एखादी काठोकाठ नको. मी डोकावून सगळ्या सारख्या आहेत असं सांगितलं. त्याने मला पुन्हा सगळ्या बघायला लावल्या.

नवा दिवा त्याने परवाच आणला होता, तो आज परत करून आला. म्हणे त्याच्याभोवती कडं दिसतं. या महिन्यातला हा तिसरा दिवा. मला काही कडंबिडं दिसलं नाही. दुकानदार आता त्याला बघून मागच्या खोलीत जातो.

७ फेब्रुवारी

वारा इतका की मैदानावर कागदाची लक्ष्यं चार-चार टाचण्यांनी ठोकावी लागली. पण माझी पहिली पन्नास काडतुसं आज उडाली. सगळी. एकही अडकलं नाही. पहिला बार काढताना मी डोळे मिटले होते, तेव्हा ती गोळी कुठे गेली ते देव जाणे, पण नंतरच्या बऱ्याच काळ्या वर्तुळात होत्या. मी हे हातांनी केलं. मी पंचवीस माणसांचं जेवण केलं आहे, एक मूल केलं आहे, पण कशानेच इतका मोठा आवाज झाला नव्हता.

ऑर्विलने त्याच डब्यातली वीस झाडली. त्याची बहुतेक कागदाच्या काठाला लागली, काही कागदालाच लागली नाहीत. मला म्हणाला, तुझी काडतुसं जरा लाजाळू आहेत. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी बोलले नाही. गाडी मीच चालवत होते. हल्ली तो मलाच चालवायला देतो, म्हणतो तू व्यावसायिक आहेस.

क्लबचा चिटणीस क्लेट बॉमन मैदानावर देखरेख करतो. त्याने माझा आणि ऑर्विलचा, दोन्ही कागद हातात घेऊन विचारलं, ही एकाच डब्यातली काडतुसं आहेत ना? मी हो म्हटलं. मग तो उगीचच ऑर्विलकडे बघत राहिला. मला वाटतं त्याला माझा हेवा वाटला.

१९ फेब्रुवारी

बर्फ. शाळा बंद. दालचिनीचे रोल केले आणि चिली, म्हणजे खिम्या-राजम्याचा रस्सा. काडतुसं काही भरली नाहीत.

४ मार्च

आमच्या मुलीचा, जोलीनचा, बॉइझीहून फोन. तिला सांगितलं की तुझे बाबा हल्ली फार प्रेमळ झाले आहेत. संध्याकाळी मला पेपर मोठ्याने वाचायला सांगतात. हवामान, मयतीच्या बातम्या, गुरांचे बाजारभाव, सगळं. शब्दकोडं मी वाचते आणि ते उत्तरं देतात. रविवारी मी निळा ब्लाउज घातला होता तर म्हणाले, हा हिरवा रंग तुला शोभतो. रंग चुकला, पण चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या कपड्यांकडे पाहिलं, मी कशाला दुरुस्त करू?

 जोलीनने विचारलं, "आई, बाबा स्वतः का वाचत नाहीत?"

मी म्हटलं, त्यांना माझा आवाज आवडतो. ही मुलं शहरात गेली की त्यांना प्रेम कळत नाही.

२१ मार्च

मे महिन्यातल्या क्लबच्या स्पर्धेत नाव दिलं. रिव्हॉल्व्हरच्या गटात. ऑर्विलने ती सहा वेळा जिंकली आहे आणि सहाही वेळा बक्षिसाचा धुरी दिलेला डुकराचा हॅम आम्ही जुलैपर्यंत खाल्ला आहे. मी नाव दिल्याचं ऐकून त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, बरं. आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर शेजाऱ्यांच्या कुंपणाशी हरिण उभं होतं, त्याला हात केला. मी विचारलं, कोणाला हात करतोस? तर म्हणाला, कोणाला नाही, हात आखडला होता.

पुरुषांना बायको बरोबरीला आलेली खपत नाही. हेच कारण.

६ एप्रिल

शाळेच्या धावपटूंना घेऊन दोन दिवस कॅस्परला गेले होते. पस्तीस मुली, सतरा थांबे, एक उलटी. परत आले तर गॅरेजमधलं टेबल चकचकीत आणि त्यावर नवा डबा. वर जाड पेनाने बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं: पन्नास. ऑर्विल. त्याने मी नसताना एकट्याने भरली होती.

तो नुकतंच पोहायला शिकलेल्या मुलासारखा उभा होता. "एकट्याने केली, बघ," म्हणाला.

चांगली झाली, म्हटलं मी, पण मनातून लागलं. म्हणजे माझी गरज होती असं काही नव्हतं तर. टेबलाखाली दारूचे बरेच कण सांडलेले होते, ते मी झाडून घेतले. त्याला इतका पसारा करायची सवय नाही. घाईत केलं असणार, मी यायच्या आत उरकायला.

गंमत म्हणून नोंद: पन्नास म्हणून लिहिलेल्या डब्यात एकोणपन्नास होती.

१८ एप्रिल, शनिवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी सरावाला मैदानावर गेलो. थंडी होती पण वारा पडलेला. मी माझी काडतुसं घेतली, ऑर्विलने त्याची. त्याने त्याच्या आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरने पाच झाडली. मी त्याच्या डावीकडे दोन पावलं मागे उभी राहून माझं रिव्हॉल्व्हर भरत होते. कानांवर झाकणं होती.

सहाव्या वेळी आवाज वेगळा आला. धाड असा नाही. मऊ, जाड चादरीखाली कोणी टाळी वाजवल्यासारखा. ऑर्विलने रिव्हॉल्व्हर थोडं हलवलं, अंगठ्याने घोडा मागे ओढला आणि पुन्हा नेम धरला.

एकतीस वर्षांत मी मागे वळून न बघता सगळे आवाज ओळखायला शिकले आहे. पट्टा सोडल्याचा, खिडकी उघडल्याचा, कोणी कोणाला मारायच्या आधीचा. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता, पण तो बरोबर नाही हे मला पायांत कळलं. मी बसमधल्या आवाजात ओरडले.

"थांब! बोट काढ!"

मैदानावरच्या नऊच्या नऊ माणसांनी चापावरची बोटं काढली. तिकडे पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीतून हात वर केले. ऑर्विल दगडासारखा थांबला. क्लेट धावत आला, त्याने घोडा अलगद खाली घेतला, रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि नळीत एक पितळी काठी सरकवली. काठी निम्म्यावर अडली. त्याने पुन्हा घातली, पुन्हा तिथेच अडली.

सहाव्या काडतुसात दारूच नव्हती. नुसती पुंगळीच्या बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी फुटली होती आणि तिने गोळीला नळीच्या मध्यापर्यंत ढकलून सोडलं होतं. आता तिच्या मागून दुसरी गोळी गेली असती.

क्लेटने ती काठी ऑर्विलच्या हातात दिली, म्हणजे त्याला स्वतःला कळावं. "ऑर्विल," तो हळू म्हणाला, "आणखी एकदा दाबलं असतंस ना, तर हे तुझ्या हातात फुटलं असतं. आणि मेव्हिस तुझ्या बाजूलाच होती."

ऑर्विल माझ्याकडे वळला. मी कुठे उभी आहे हे त्याला आधी शोधावं लागलं. हे मी आज पाहिलं. दोन पावलांवर होते मी.

१९ एप्रिल

चर्चला गेलो नाही. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला आणि त्याची उरलेली त्रेचाळीस काडतुसं मी एकेक करून उघडली. त्यासाठी एक पोकळ हातोडा असतो. त्यात काडतूस अडकवून लाकडावर ठोकलं की गोळी आणि दारू सुटी होते. एकेकाची दारू मी तराजूत टाकत होते. ऑर्विल समोर बसला होता.

तीन पूर्ण कोरडी निघाली. दोनांत दुप्पट माप होतं.

ती दोन मी बाजूला ठेवली. कोरड्याने गोळी अडकते. दुपटीने बंदूकच फुटते, हे मला आता पुस्तकात बघायची गरज नव्हती.

मी विचारलं, दिवा धरून विहिरी बघितल्यास ना? त्याने मान हलवली. म्हणाला, बघितल्या, सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

मग म्हणाला, "सगळं सारखंच दिसतं गं. धुकं असल्यासारखं. काटे दोन दिसतात, रेषा तीन. दोन वर्षं झाली."

मी उठले आणि सिंकशी उभी राहून एक स्वच्छ कप पुन्हा धुतला. रडावं की त्याच्या डोक्यात कप घालावा ते ठरेना. शेवटी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाला, त्याच्या वडिलांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि तो डोळा कायमचा गेला, ते दिवस त्याने पाहिलेत. आणि गाडीचा परवाना काढून घेतील. आणि मग टेबलाशी बसून तो काय करेल. माझी नजर चांगली आहे, तर ती उसनी घ्यावी असं त्याला वाटलं. सगळं चांगलं चाललं होतं. मग मी स्पर्धेत नाव दिलं आणि त्याला वाटलं, एकदा, एकदाच स्वतः करून बघू.

संध्याकाळी ही वही सुरुवातीपासून वाचली. दिवे. पेपर. हिरवा ब्लाउज. हरिण. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ते पान फाडावंसं वाटलं, पण मागच्या बाजूला दालचिनीच्या रोलची कृती आहे.

२८ एप्रिल

बिलिंग्जला डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. डॉक्टरीणबाई जोलीनपेक्षा लहान दिसत होत्या. म्हणाल्या, पंधरा मिनिटांचं काम आहे, आताच्या पद्धती तुमच्या वडिलांच्या वेळच्या नाहीत. दिसायला कधीपासून कमी झालं, विचारल्यावर ऑर्विल म्हणाला, नाताळपासून. मी म्हटलं, कुठल्या नाताळपासून ते विचारा.

त्या हसल्या. मग मला विचारलं, तुमच्या लक्षात कधी आलं? मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिले. ऑर्विलच म्हणाला, "मी लपवण्यात फार हुशार आहे, डॉक्टर." चौतीस वर्षांत हा माणूस माझ्या बाजूने इतकं सफाईदार खोटं कधी बोलला नव्हता.

७ मे

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, या भिंती पांढऱ्या आहेत? मी म्हटलं, तूच रंगवल्यास. म्हणाला, मी तर फिकट पिवळा रंग समजून रंगवल्या होत्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, चांगलं मिनिटभर, आणि मी हातातला चमचा ओट्यावर ठेवला. काय रे, विचारलं. काही नाही, म्हणाला, आणि बाहेर जाऊन बराच वेळ कुत्र्याशी बोलत बसला. काय बोलला ते ऐकू आलं नाही.

वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, बंदूक तर सोडाच. दुसरा डोळा जूनमध्ये. म्हणजे स्पर्धेला तो नाही.

१४ मे

स्पर्धेची साठ काडतुसं आज एकटीने भरली. पहिल्यांदाच एकटीने. त्याला धुळीत बसायची मनाई आहे, म्हणून तो घरात आणि मी गॅरेजमध्ये. तराजूशी बसले. मागे स्टुलावर कोणी वैताग आणायला नव्हतं. प्रत्येक माप दोनदा घेतलं. विहिरी तीनदा बघितल्या. अडीच तास लागले. ऑर्विलने दर वीस मिनिटांनी दारातून विचारलं की कॉफी हवी का. त्याला कॉफी करता येत नाही.

१६ मे

चौदा जणांत मी नववी.

सगळी साठ उडाली. प्रत्येकाचा आवाज तोच, धाड, धाड, मी एकेक ऐकत होते. नेमापेक्षा आवाजाकडेच लक्ष होतं, म्हणून नववी आले असेन. हॅम टपालखात्यातल्या एका मुलीला मिळाला, सव्वीस वर्षांची, पहिलंच वर्ष. तिने तो कसा शिजवायचा ते मला विचारलं.

ऑर्विल काळा गॉगल लावून दोरीच्या मागे खुर्चीवर बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की ती साठ बायकोने घरी भरली आहेत. ज्यांना काडतुसांत रस नव्हता त्यांनाही. पाद्रीबुवांना दोनदा सांगितलं. क्लेटने शेवटी त्याला शांत राहायला सांगितलं, नेम धरणाऱ्यांचं लक्ष विचलित होतं म्हणून.

परत येताना तो गाडीत वाटेतली गुरं मोजत होता, मोठ्याने, नुसतं मोजता येतंय म्हणून. मग म्हणाला, जुलैत दुसरा डोळा बरा झाला की मी पुन्हा नेमबाजी सुरू करेन. मी म्हटलं, कर. तो म्हणाला, पन्नास काडतुसं लागतील. मी म्हटलं, मग भर, दिसायला लागेल तुला तोवर.

"दिसतंय आताही," ऑर्विल म्हणाला. "पण तुझी जास्त चांगली आहेत. तू भरून दे."

मी विचार करते म्हटलं, आणि पुढच्या वळणापर्यंत रस्त्याकडेच बघत राहिले.

आत्ता गॅरेजमध्ये तो डबा खडखडतो आहे आणि कुत्रा पलंगाखाली आहे. पन्नास पुंगळ्या टाकल्या आहेत. कोणासाठी, ते ऑर्विलला अजून सांगितलेलं नाही.